फोटो काढण्याआधी बघायला शिकवणारे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स



वृक्षारोपण असो, बालसभा असो, क्षेत्रभेट असो की वार्षिक स्नेहसंमेलन, उपक्रम झाला की फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे, हे आता आपल्या कामाचाच भाग झालं आहे. पण ते फोटो नंतर कधी निवांत बघा. मुलं मधोमध एवढीशी, वरचा अर्धा फोटो म्हणजे रिकामं आकाश, खाली रिकामं मैदान, आणि प्रमुख पाहुण्यांच्या बरोबर डोक्यातून उगवलेला झेंड्याचा खांब! मोबाईल कितीही भारी घेतला तरी हे टळत नाही. बटण दाबताना आपण पाहुण्यांकडे बघत असतो, खांबाकडे आपलं लक्षच नसतं. कॅमेरा मात्र दोघांनाही सारखंच टिपतो.

हे बघणं ज्यांनी आयुष्यभर केलं आणि दुसऱ्यांना शिकवलं, त्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं चरित्र आज पाहू या. अमेरिकेतले हे निसर्ग-छायाचित्रकार. त्यांचे कृष्णधवल फोटो तुम्ही नाव माहीत नसतानाही कुठल्या तरी कॅलेंडरवर किंवा पोस्टरवर पाहिले असतील. काळंभोर आकाश, लख्ख बर्फ, आणि समोरच्या गवताच्या पात्यापासून दूरच्या शिखरापर्यंत सगळं स्वच्छ. पण आपल्यासाठी त्यांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. हा मुलगा शाळेत टिकला नव्हता.

अ‍ॅन्सेलचा जन्म 20 फेब्रुवारी 1902 रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. आईवडिलांचा एकुलता एक. घर गावाबाहेर, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर. समोर गोल्डन गेटची खाडी होती, तिच्यावरचा तो प्रसिद्ध पूल अजून व्हायचा होता. 1906 साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपाचा मोठा तडाखा बसला. त्यानंतरच्या एका धक्क्यात चार वर्षांचा अ‍ॅन्सेल बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. ते जन्मभर वाकडंच राहिलं. पुढच्याच वर्षी आर्थिक मंदी आली आणि घराण्याचा लाकडाचा व्यवसाय बुडत गेला. वडिलांचं, म्हणजे चार्ल्स अ‍ॅडम्स यांचं, उरलेलं बरंचसं आयुष्य ते सावरण्यात गेलं.

आणि अशा घरात हा मुलगा! एका जागी बसत नसे, वर्गात लक्ष लागत नसे. आज आपण त्याला अतिचंचल म्हटलं असतं. एकामागून एक शाळा बदलल्या, एकीनेही त्याला सामावून घेतलं नाही. शेवटी वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायचं ठरवलं. थोडं ते स्वतः शिकवत, थोडं मावशी, आणि काही विषयांना शिकवणी.

पालकहो, या निर्णयात किती धोका होता याचा विचार करा. घरात पैशांची ओढाताण, मुलगा एकुलता एक, आणि हातात कुठलंही प्रमाणपत्र नाही. त्याचं औपचारिक शिक्षण आठवीच्या पलीकडे कधी गेलं नाही. एक शिक्षक म्हणून मला हा निर्णय सरसकट कुणाला सुचवता येणार नाही. ज्या घरात आईवडील दिवसभर कामावर असतात तिथे तर नाहीच. पण चार्ल्स अ‍ॅडम्स यांनी मुलाला शाळेतून काढून मोकळं सोडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक हे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. गंमत म्हणजे ते सुरू झालं अ‍ॅन्सेलच्या तेराव्या वाढदिवसाच्या दिवशी. वडिलांनी त्याला वर्षभराचा पास काढून दिला. रोजचा काही वेळ तिथे जाऊन बघायचं, हीच शाळा. यंत्रं, विज्ञानाची दालनं, वाद्यं, युरोपातली नवी चित्रं हे सगळं मुलगा फिरफिरून बघत होता. क्षेत्रभेटीला आपण मुलांना रांगेत नेतो आणि दोन तासांत परत आणतो. याची क्षेत्रभेट महिनोन् महिने चालली.

दुसरी शाळा पियानोची. बाराव्या वर्षी तो आपला आपणच वाजवायला लागला होता. मग मारी बटलर नावाच्या शिक्षिका मिळाल्या. त्यांची शिस्त कडक होती. एकही सूर घसरला तर तो तुकडा पुन्हा, स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. जो मुलगा वर्गात दहा मिनिटं बसत नव्हता, तो पियानोसमोर तासन् तास बसू लागला. पुढची बारा-पंधरा वर्षं त्याचं एकच स्वप्न होतं, मैफिलीत वाजवणारा पियानोवादक व्हायचं. फोटोग्राफी हा तेव्हा सुटीतला छंद होता.

तो छंद लागला 1916 साली. अ‍ॅन्सेल सर्दीने अंथरुणावर होता. मावशीने त्याला कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगांवरचं एक जुनं पुस्तक वाचायला दिलं. ते वाचून त्याने हट्ट धरला की यंदा योसेमिटीलाच जायचं. योसेमिटी म्हणजे हजारो फूट उंच ग्रॅनाइटचे उभे कडे आणि धबधबे असलेली दरी. घरचे गेले. तिथे वडिलांनी त्याच्या हातात एक ब्राउनी कॅमेरा ठेवला. ब्राउनी म्हणजे पुठ्ठ्याची साधी डबी. तिच्यात फिरवायला, जुळवायला जवळजवळ काही नसे. कुठे उभं राहायचं आणि बटण कधी दाबायचं, एवढंच काढणाऱ्याच्या हातात. म्हणूनच मला वाटतं, शिकायला त्याहून चांगला कॅमेरा नसेल.

हाफ डोम नावाचा प्रचंड अर्धगोल डोंगर नीट दिसावा म्हणून अ‍ॅन्सेल एका कुजक्या ओंडक्यावर चढला. ओंडका ढासळला. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत पडता पडता बोटाने बटण दाबलं गेलं. फिल्म धुवून आल्यावर त्यात हाफ डोम चक्क उलटा! धुणाऱ्या माणसालाही कळेना की हा एकच फोटो असा कसा.

हसू येतं, पण त्या पडण्यामागची धडपड बघा. चौदा वर्षांच्या मुलाला इतकं कळलं होतं की जमिनीवरून नीट दिसत नाही, तर जागा बदलायची. आपण बहुतेक जण जिथे उभे असतो तिथूनच, छातीच्या उंचीवरून, फोटो काढतो. पहिलीच्या मुलांचा फोटो काढताना आपण खाली बसलो तर ती मुलं एकदम मोठी दिसतात, चेहरे दिसतात. उभ्याने काढला तर नुसते भांग दिसतात.

अ‍ॅन्सेल त्यानंतर आयुष्यभर दरवर्षी योसेमिटीला गेला. सॅन फ्रान्सिस्कोत एका फोटो धुणाऱ्या दुकानदाराकडे त्याने काही काळ काम केलं, अंधाऱ्या खोलीतलं तंत्र तिथे शिकला. 1920 पासून काही उन्हाळे त्याने दरीतल्या सिएरा क्लब या गिर्यारोहण आणि निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेच्या वास्तूची राखण केली. सरावाला पियानो हवा होता, तो हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराच्या घरी मिळाला. त्याच घरातली व्हर्जिनिया पुढे 1928 मध्ये त्याची पत्नी झाली.

आता या चरित्रातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. 10 एप्रिल 1927. पंचवीस वर्षांचा अ‍ॅन्सेल, व्हर्जिनिया आणि काही मित्र बर्फातून चढून दरीपासून हजारो फूट उंच अशा एका कड्यावर पोचले. पाठीवर मोठा लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड आणि काचेच्या 12 प्लेट. एक प्लेट म्हणजे एक फोटो. त्या काळी आपल्यासारखे सटासट पन्नास फोटो काढून नंतर निवडायची सोय नव्हती. हाफ डोमची उभी भिंत समोर आली तेव्हा फक्त दोन प्लेट उरल्या होत्या.

दुपारचं ऊन भिंतीवर सरकत येईपर्यंत तो थांबला. कॅमेऱ्यावर पिवळा फिल्टर लावून त्याने पहिला फोटो काढला. कृष्णधवल फोटोत पिवळा फिल्टर आकाश थोडंसं गडद करतो. नेहमीची रीत हीच. पण काढल्या काढल्या त्याच्या लक्षात आलं की हा फोटो छापून आला तर डोंगर नुसता राखाडी दिसेल आणि त्यामागे फिकट आकाश. समोर उभं राहून छातीत जी धडकी भरली होती, ती त्यात येणार नाही. शेवटची प्लेट. त्याने पिवळा काढून गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, त्यामुळे निळं आकाश प्लेटवर जवळजवळ काळं उतरतं. उजेड खूप अडत असल्याने प्लेट पूर्ण पाच सेकंद उघडी ठेवावी लागली. त्यातून आलेला ‘मोनोलिथ’ हा फोटो आज जगप्रसिद्ध आहे. काळ्या आकाशात अंगावर येणारा कडा, आणि त्याच्या पायाशी, कडेकडेने बर्फ.

फिल्टर आपल्यासाठी दुय्यम. मोबाईलमध्ये आता तसले शंभर फिल्टर असतात. मुद्दा असा की त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने बटण दाबण्याआधी तयार फोटो मनात बघितला, आणि मग तो फोटो मिळवायला काय करावं लागेल ते केलं. पुढे आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना हेच सांगितलं. समोर काय आहे हे कॅमेरा नोंदवेलच. त्यातलं मला काय दाखवायचं आहे, ते आधी ठरवायचं.

आपण चित्रकलेच्या तासाला मुलांना कोरा कागद देतो तेव्हा मूल एकेक वस्तू त्यात घालत जातं. फोटोत उलटं असतं बरं का. चौकट आधीच भरलेली असते, आपल्याला त्यातलं नको ते काढायचं असतं. काढायचं म्हणजे दोन पावलं पुढे जायचं, थोडं डावीकडे सरकायचं, खाली बसायचं, किंवा कुणीतरी बाजूला होईपर्यंत थांबायचं. बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवली तरी निम्मे खांब आणि निम्म्या चपला फोटोबाहेर जातात.

1930 साली न्यू मेक्सिकोत पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराची भेट झाली. स्ट्रँडजवळ छापील फोटो नव्हते, नुसत्या निगेटिव्ह होत्या. त्या खिडकीच्या उजेडात बघूनच अ‍ॅडम्स यांनी ठरवलं की पियानो सोडायचा आणि पूर्णवेळ फोटोग्राफी करायची. आई आणि मावशीला ते मुळीच पटलं नाही. इतक्या वर्षांची साधना, इतका खर्च, आणि आता हे! वडिलांनी पूर्वीसारखंच मुलाच्या मनाप्रमाणे होऊ दिलं. पियानो वाया गेला असं मात्र म्हणता येत नाही. निगेटिव्हला ते स्वरलेखनाची उपमा देत आणि छापील फोटोला मैफिलीची. लिहिलेले सूर तेच असतात, वाजवणं दर वेळी नवं असतं.

त्यानंतरचा काही काळ भराभर सांगतो. 1932 मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मित्रांबरोबर त्यांनी ‘एफ 64’ नावाचा गट काढला. लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही स्पष्ट येतं, त्या बारीक छिद्राचा हा आकडा. तेव्हा फोटो मुद्दाम धूसर करून चित्रासारखा दाखवायची फॅशन होती, तिच्याविरुद्ध हा गट होता. 1937 मध्ये योसेमिटीतल्या त्यांच्या डार्करूमला आग लागून बऱ्याच निगेटिव्ह जळाल्या. फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी ‘झोन सिस्टिम’ बसवली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या मानायच्या, आणि फोटोतली कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर हवी ते आधी ठरवायचं, अशी ती पद्धत.

त्यांचे तीन फोटो मात्र सावकाश बघण्यासारखे आहेत. शक्य असेल तर इंटरनेटवर शोधून वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवा.

पहिला 1941 चा, ‘मूनराइज, हर्नांडेझ’. न्यू मेक्सिकोत दिवसभर मनासारखं काही मिळालं नव्हतं. संध्याकाळी मोटारीने परतताना रस्त्याकडेला एक छोटं गाव दिसलं. मागे बर्फाचे डोंगर, त्यावर नुकता उगवलेला चंद्र, आणि पुढे दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. अ‍ॅडम्स यांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि धावपळ सुरू केली. उजेड मोजायचं मीटर सापडेना! ऊन तर काही क्षणांचं. तेव्हा त्यांना चंद्राच्या उजेडाचं माप पाठ होतं ते आठवलं, त्यावरून मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला प्लेटधारक उलटा करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. तारीख त्यांनी लिहून ठेवली नव्हती. पुढे खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून ती शोधून काढली, 1 नोव्हेंबर, दुपारी 4 वाजून 49 मिनिटं. गणित आणि भूगोलाच्या शिक्षकांनी हा भाग मुलांना जरूर सांगावा.

या फोटोत गाव खाली एका पट्टीत आहे आणि वरचा निम्म्याहून जास्त भाग काळं आकाश. मघाशी आपण रिकाम्या आकाशाला नावं ठेवली. मग इथे ते का चालतं? कारण इथे तेच सांगायचं आहे. एवढ्या अफाट अंधाराखाली एवढंसं गाव. क्षितिजाची रेघ फोटोच्या बरोबर मधून जाऊ द्यायची की खाली घ्यायची की वर, हे आकाशात काही सांगण्यासारखं आहे की जमिनीवर, त्यावर ठरवायचं. फोटोचे तीन भाग करून रेघेवर वस्तू ठेवण्याचा नियम तुम्ही ऐकला असेल, मोबाईलमध्ये तशा रेघा दाखवायची सोयही असते. सुरुवातीला ती चालू ठेवायला हरकत नाही. मधोमध ठेवायची सवय तेवढी तुटते. अ‍ॅडम्स यांचा मात्र असल्या तयार नियमांवर विश्वास नव्हता.

दुसरा फोटो 1942 चा, टीटन पर्वत आणि स्नेक नदी. समोर खाली नदीचं रुपेरी वळण, ते इंग्रजी एस अक्षरासारखं वळत वळत दूर जातं, आणि मागे ढगांतून उजेड झेलणारी शिखरं. बघणाऱ्याची नजर आपोआप नदीबरोबर चालत डोंगरापर्यंत जाते. आपण डोंगराचा फोटो काढतो तेव्हा तो फोटोत अगदी किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात इतका मोठा असूनही. कारण जवळचं काहीच त्यात नसतं, त्यामुळे नजरेला अंतरच कळत नाही. गडावर सहल नेली तर नुसता समोरचा डोंगर काढू नका. तटबंदीची वळत गेलेली भिंत, पायऱ्या, किंवा पायवाट खालच्या कोपऱ्यातून आत येऊ द्या. 1977 साली अंतराळात गेलेल्या व्हॉएजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी चित्रं ठेवली, त्यांत हा फोटो आहे.

तिसरा फोटो लोन पाइनचा, पण त्याआधी तो काढताना अ‍ॅडम्स तिथे का होते ते सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्वतःच्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत ठेवलं. लहान मुलं, शिक्षक, शेतकरी, सगळ्यांना. त्यातली मॅन्झानार ही छावणी लोन पाइन गावाजवळ होती, दहा हजारांहून अधिक माणसांची. युद्धाच्या काळात कुणी डोंगर आणि दगडांचे फोटो काय काढत बसतं, अशी टीका अ‍ॅडम्स यांच्यावर होत असे. 1943 मध्ये ते या छावणीत गेले. शाळा, शेत, वृत्तपत्राची कचेरी, आणि मुख्य म्हणजे माणसांचे चेहरे त्यांनी काढले. अगदी जवळून, चौकट भरून, स्वच्छ उजेडात. ज्यांना सगळे शत्रू समजत होते ते चेहरे बघणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देतात. 1944 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, ते युद्ध चालू असतानाच. अनेकांना ते रुचलं नाही. निगेटिव्ह त्यांनी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकल्या. छावणीतले लोक फार आनंदी दाखवले, दुःख पुरेसं दाखवलं नाही, असं त्या फोटोंबद्दल नंतर म्हटलं गेलं. त्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. चौकटीत काय घ्यायचं हे ठरवताना काय बाहेर ठेवलं जातं, याचा जाब छायाचित्रकाराला द्यावा लागतोच.

त्याच दिवसांत, 1944 च्या हिवाळ्यात, लोन पाइनहून सिएरा पर्वतावरचा सूर्योदय टिपायचा म्हणून ते चार पहाटे अंधारात उठून गेले. चारही वेळा ढग. पाचव्या पहाटे कडाक्याची थंडी आणि निरभ्र आकाश. मोटारीच्या टपावर त्यांनी लाकडी फलाट बसवून घेतला होता, त्यावर चढून कॅमेरा लावला. (तो कुजका ओंडका आठवला ना? आता बंदोबस्त पक्का होता.) मागे उन्हात न्हालेली बर्फाची शिखरं, मध्ये काळोखी टेकडी, पुढे कुरणावर उन्हाची एक पट्टी आणि त्यात चरणारा घोडा. पण घोडा पाठ करून उभा! अ‍ॅडम्स गारठत वाट बघत राहिले. ऊन पसरत चाललं होतं. शेवटच्या क्षणी घोडा आडवा वळला आणि बटण दाबलं गेलं.

या फोटोची एक गोष्ट शिक्षकांना ऐकायला आवडेल. त्या काळ्या टेकडीवर गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी पांढरे दगड रचून लोन पाइनची दोन आद्याक्षरं मोठ्ठी काढली होती. अ‍ॅडम्स यांना ती खुपली. त्यांनी निगेटिव्हवरच ती पुसून टाकली. फोटोत खरं तेच असावं असा ज्यांचा आग्रह, त्यांनीच पुसावं का? यावर तेव्हाही लोक त्यांना बोलले. आज मोबाईलमध्ये बोट फिरवून माणूससुद्धा गायब करता येतो, तेव्हा नववी-दहावीच्या वर्गात हा प्रश्न चर्चेला जरूर घ्या. मुलं दोन्ही बाजूंनी छान भांडतात.

अ‍ॅडम्स जन्मभर शिक्षकही होते. 1946 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत त्यांनी छायाचित्रणाचा विभाग सुरू केला. कॅमेरा, निगेटिव्ह आणि छपाई यांवर त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तकं पुढे अनेक पिढ्यांनी वापरली. 1955 पासून 1981 पर्यंत ते योसेमिटीत कार्यशाळा घेत. नवशिक्यांना ते एक साधं साधन सुचवत. जाड काळ्या पुठ्ठ्याला मधोमध आयताकृती खिडकी कापायची, आणि कॅमेऱ्याला हात न लावता त्या खिडकीतून जग बघत फिरायचं.

हे आपल्याला उद्याच करता येईल. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. 8 सेंमी लांब आणि 6 सेंमी रुंद खिडकी कापा, मोबाईलच्या फोटोचं प्रमाण साधारण तेच असतं. एक डोळा मिटायचा. पुठ्ठा डोळ्याजवळ धरला की मोठा परिसर दिसतो, हात लांब केला की त्यातला थोडाच भाग उरतो. आडवा धरून बघा, उभा धरून बघा. मुलांना मैदानावर सोडा आणि सांगा, पंधरा मिनिटांत एकच फोटो निवडायचा, तो का निवडला ते वहीत दोन ओळींत लिहायचं, आणि मगच मोबाईल मिळेल. एका वर्गाला एक मोबाईलही पुरतो, आणि मोबाईल नसला तरी निम्म्याहून जास्त पाठ होऊनच जातो.

आणखी एक. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर चित्र उलटं दिसायचं, डोकं खाली, पाय वर. त्यांनी आयुष्यभर उलटंच चित्र बघून रचना केली. उलट्या चित्रात माणूस, झाड, घर असं काही नजरेला अडकत नाही. काळे-पांढरे आकार आणि त्यांचं वजन तेवढं दिसतं. आपण काढलेला फोटो एकदा मोबाईल उलटा धरून बघा. कुठली बाजू जड झाली आहे, कुठे नुसती पोकळी आहे, ते चटकन कळतं. मात्र स्क्रीन आपोआप फिरणं आधी बंद करा, नाहीतर मोबाईल तो पुन्हा सुलटा करून दाखवेल!

त्यांच्या फोटोंनी आणखी एक काम केलं. कॅलिफोर्नियातला किंग्ज कॅन्यन हा भाग वाचावा म्हणून ते 1936 साली फोटो घेऊन थेट वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींना भेटायला गेले. 1938 मध्ये त्याच पर्वतांचं पुस्तक काढलं. 1940 मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. 1980 साली त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

22 एप्रिल 1984 रोजी वयाच्या 82 व्या वर्षी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी योसेमिटीच्या रांगेतल्या 11,760 फूट उंचीच्या एका शिखराला त्यांचं नाव दिलं गेलं. दरीतलं हॅरी बेस्ट यांचं जुनं दुकान आजही आहे. ते आता अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गॅलरी म्हणून ओळखलं जातं, आणि तिथे येणाऱ्या पर्यटकांसाठी कॅमेरा घेऊन दरीत फिरत शिकवण्याचे वर्ग भरतात.